सोळा वर्षांची जखम
(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

सिग्मंड फ्रॉइड हे नाव आमच्या वर्गात उच्चारले गेले, की मागच्या बाकांवर हटकून खसखस पिकते. स्वप्ने, दडपलेल्या वासना आणि रुग्णाला आडवे करून बोलते करणारा तो प्रसिद्ध कोच, एवढीच त्याची आमच्यापाशी ओळख. मीही याला अपवाद नव्हते. गेल्या वर्षी सरांनी वर्गात थोरामोठ्यांची चरित्रे वाटून दिली, तेव्हा माझ्या वाट्याला फ्रॉइड आला. अर्नेस्ट जोन्स या त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्राचे तीन जाडजूड खंड मी ग्रंथालयातून घरी आणले. पहिले दोन कर्तव्य म्हणून वाचले. तिसरा मात्र रात्री एक वाजेपर्यंत जागून वाचला. आई दोनदा दिवा मालवायला सांगून गेली. मला पुस्तक सोडवेना, याचे कारण फ्रॉइडपेक्षाही आमचे नाना होते.

नाना म्हणजे माझे थोरले मामा. तीस वर्षे त्यांनी प्राथमिक शाळेत मुले शिकवली. आवाज असा, की त्यांनी घेतलेले पाढे चावडीपर्यंत ऐकू यावेत. आणि दोन तासांच्या मधल्या वेळात तळहातावर तंबाखू-चुना मळायची सवय. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गालाच्या आत एक जखम झाली, ती काही केल्या भरेना. मुंबईला नेले. मोठी शस्त्रक्रिया झाली. गालाचा आतला भाग आणि खालच्या जबड्याची एक कड काढून टाकली आणि ती पोकळी छातीवरचे कातडे व त्याखालचा स्नायू गळ्यावरून वर फिरवून बुजवली. त्यानंतर किरणोपचार. नाना वाचले. घरी आल्यावर पेढे वाटले. आम्हा सर्वांच्या लेखी प्रकरण तिथे मिटले.

नानांच्या तोंडात मात्र ते मिटले नव्हते. पहिल्या वर्षी त्यांचा जबडा बऱ्यापैकी उघडत असे; मग पोळीचा घास जाईना, मग भातही बारीक चमच्याने खाऊ लागले. गळ्यापाशी आधी उशीसारखा फुगवटा होता, तो ओसरला आणि तिथे कातडीखाली ताठ दोरीसारखे काही हाताला लागू लागले. नाना पंगतीत बसेनासे झाले. माझ्या ताईच्या लग्नात ऐन जेवणाच्या वेळी ते मांडवातून निघून गेले, तेव्हा मला फार राग आला होता. डॉक्टरांनी सांगितलेला तोंडाचा व्यायाम नाना करत नाहीत, म्हातारपणी हट्टी झाले आहेत, असा निवाडा आम्ही घरच्यांनी देऊन टाकला होता.

जोन्सच्या तिसऱ्या खंडात मला हेच नाना भेटले. म्हणून फ्रॉइडचे चरित्र मी त्याच्या जबड्याच्या बाजूने सांगणार आहे. त्याच्या सिद्धांतांची चर्चा आपण वर्गात करतोच.

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ चा, मोराव्हियातील फ्रायबर्ग या लहान गावचा. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात असून प्रिबोर या नावाने ओळखले जाते. वडील लोकरीचे व्यापारी. धंदा बसला आणि १८६० मध्ये हे ज्यू कुटुंब व्हिएन्नाला आले. मुलगा हुशार. १८७३ मध्ये त्याने व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकाला नाव घातले आणि १८८१ मध्ये तो डॉक्टर झाला. पण ओढा होता संशोधनाकडे. १८८४ मध्ये त्याने कोकेनवर एक निबंध लिहिला. कोकेन जिभेला लावले की ती बधिर होते, हे त्याच्या ध्यानात आले होते. पण त्या गुणाचा उपयोग डोळ्याच्या शस्त्रक्रियेत करून नाव मिळवले ते त्याचा मित्र कार्ल कोलर याने. फ्रॉइडला याची चुटपुट लागून राहिली. पुढे त्याच्या स्वतःच्या जबड्यावर शस्त्रे चालली, ती जागा बधिर करून, तो जागा असताना. त्या विद्येचा उगम या कोकेनमध्येच होता.

१८८५-८६ मध्ये तो पॅरिसला शार्को या मज्जाविकारतज्ज्ञाकडे शिकला. १८८६ मध्ये मार्था बर्नेजशी लग्न झाले. १८९१ मध्ये व्हिएन्नातील बेर्गगासे १९ या पत्त्यावर त्याने बिऱ्हाड केले आणि पुढली सत्तेचाळीस वर्षे तिथेच काढली. सहा मुले झाली. १८९९ च्या नोव्हेंबरात स्वप्नांवरचा त्याचा ग्रंथ बाहेर पडला. प्रकाशकाने त्यावर साल मात्र १९०० छापले. पुढच्या वीस वर्षांत त्याचे नाव जगभर झाले. आपल्याकडे कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहार ठेवला.

या साऱ्या काळात एक गोष्ट सुटली नाही, ती म्हणजे सिगार. चोविसाव्या वर्षी लागलेले व्यसन दिवसाला वीस सिगारपर्यंत गेले. १८९४ मध्ये छातीत धडधड सुरू झाली तेव्हा फ्लीस या डॉक्टर मित्राने सोडायला लावले. ते टिकले नाही. सिगारेवाचून आपल्याला लिहिता येत नाही, असे त्याचे म्हणणे. तंबाखूवाचून पाढे घेता येत नाहीत, असे नानाही म्हणत.

फ्रॉइडच्या उपचारपद्धतीत औषध नाही आणि शस्त्रही नाही. एक माणूस बोलतो, दुसरा ऐकतो आणि मधूनच दोन शब्द बोलतो. म्हणजे तोंड आणि कान एवढीच या वैद्याची अवजारे. नेमकी तीच हातची जायची होती.

१९२३ च्या फेब्रुवारीत उजव्या बाजूला टाळू आणि जबड्यापाशी काही वाढल्याचे त्याला जाणवले. सिगार बंद करायला सांगतील या धास्तीने तो दोन महिने गप्प राहिला. एप्रिलमध्ये मार्कुस हायेक या नाक-घशाच्या तज्ज्ञाने बाह्यरुग्ण विभागात ती वाढ कापली. अपेक्षेपेक्षा रक्तस्राव फार झाला. इस्पितळात त्याला एका लहानशा खोलीत ठेवले होते. शेजारच्या खाटेवर एक मतिमंद, ठेंगू रुग्ण होता. रक्त वाहू लागले तेव्हा घंटा वाजेना आणि फ्रॉइडला तर बोलताच येईना. त्या ठेंगू माणसाने धावत जाऊन परिचारिकेला आणले, म्हणून जीव वाचला. मानवी मनाचा एवढा मोठा अभ्यासक, आणि त्याला वाचवले ते ज्याला जग बुद्धी नाही म्हणते अशा माणसाने! हा प्रसंग वाचून मी पुस्तक क्षणभर मिटले.

गाठ कर्करोगाची होती, पण डॉक्टरांनी त्याला तसे स्पष्ट सांगितले नाही. त्याच जून महिन्यात त्याचा साडेचार वर्षांचा नातू हाइनेले क्षयाने गेला. या मुलाची आई, म्हणजे फ्रॉइडची मुलगी सोफी, १९२० मध्ये तापाच्या साथीत आधीच गेली होती. कर्करोगाने डोळ्यांत पाणी न आलेला हा माणूस नातवासाठी रडला.

१९२३ च्या ऑक्टोबरात हान्स पिखलर या मुखशल्यतज्ज्ञाने खरी शस्त्रक्रिया केली. ४ ऑक्टोबरला मानेतली रक्तवाहिनी बांधली आणि जबड्याखालच्या गाठी काढल्या. आठवड्याभराने ओठ आणि गाल चिरून उजव्या बाजूचा वरचा जबडा व टाळू काढला. खालच्या जबड्याचाही काही भाग आणि आतले अस्तर काढले. तोंड आणि नाक यांच्यामधली भिंतच गेली. उघड्या पडलेल्या जागेवर दंडावरची पातळ त्वचा लावली. नोव्हेंबरात काही भाग राहिल्याचे दिसले, तेव्हा पुन्हा कापले. मग क्ष-किरण.

उरलेली पोकळी झाकायला एक मोठी कवळी केली. दात आणि टाळू एकत्र असलेली. ती बसवल्याशिवाय बोलता येत नव्हते, जेवता येत नव्हते. घरात त्या कवळीला राक्षस म्हणत.

मित्रहो, चित्रपटात शस्त्रक्रिया झाली की डॉक्टर मुखपट्टी काढून हसतात आणि गोष्ट संपते. फ्रॉइडची गोष्ट इथे सुरू होते. पुढे तो सोळा वर्षे जगला आणि त्या सोळा वर्षांत तोंडातले मांस एक दिवसही स्वस्थ बसले नाही.

जखम भरते म्हणजे काय होते, हे मी आमच्या गावच्या डॉक्टरांकडून समजून घेतले. जखमेत अशा पेशी येतात, की त्यांच्यात स्नायूसारखी आकसण्याची शक्ती असते. त्या जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढतात, म्हणून जखम मिटते. बोटावरच्या कापल्यात हे वरदान आहे. पण गालाच्या आत, टाळूच्या पोकळीत, जिथे आधाराचे हाडच उरलेले नाही, तिथे हीच ओढ शाप ठरते. दुसरीकडची त्वचा आणून लावली तरी ती आकसते, आणि त्वचा जितकी पातळ तितकी पुढे अधिक आकसते. फ्रॉइडला लावलेली त्वचा पातळ होती. मग त्यावर किरणांचा परिणाम. किरणांनी बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, मऊ मांसाच्या जागी चिवट तंतू वाढतात आणि हाडाची स्वतःला सांधण्याची ताकद कमी होते. हे काम किरणोपचार थांबले म्हणून थांबत नाही, ते वर्षानुवर्षे हळूहळू चालू राहते.

आता कवळीची अडचण लक्षात येईल. टाळू नीट बंद व्हायची तर ती मोठी आणि घट्ट हवी. घट्ट असली की ती कडांना घासते, तिथे फोड येतात. सैल केली तर शब्द नाकातून जातात. फार वेळ काढून ठेवली तर आतले मांस आकसते आणि ती परत आत जात नाही. शिवाय तोंडच पुरते उघडत नसे. एकदा फ्रॉइड आणि त्याची धाकटी मुलगी ॲना यांनी अर्धा तास खटपट केली तरी कवळी बसेना. शेवटी पिखलरला बोलवावे लागले. दातांत सिगार धरायला जागा व्हावी म्हणून तो कपडे वाळत घालायच्या चिमट्याने जबडा फाकवीत असे. व्यसनाची ही तऱ्हा पाहून हसावे की रडावे कळत नाही. पिखलरने आणि पुढे इतरांनी किती सांगितले, तरी सिगार काही सुटली नाही. नायकाचा हा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१९२४ च्या जानेवारीत त्याने पुन्हा रुग्ण घ्यायला सुरुवात केली. आवाज जाड आणि घोगरा झाला होता. उजव्या बाजूचे मांस बिघडल्याने कानाकडे जाणारी नळी दुखावली आणि उजवा कान जवळजवळ गेला. तेव्हा त्याने कोच आणि आपली खुर्ची यांच्या जागा बदलून टाकल्या, म्हणजे डावा कान रुग्णाकडे येईल. मनोविश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकांत कोचाविषयी पानेच्या पाने असतात. तो कोच खोलीच्या दुसऱ्या बाजूला का सरकला, हे मात्र मी त्यांत वाचले नव्हते.

शुश्रूषा करायची ती ॲनानेच. बापलेकींनी पहिल्यापासून एक करार केला होता, की कळवळा दाखवायचा नाही. जे करायचे ते शल्यतज्ज्ञाच्या अलिप्ततेने करायचे. सोळा वर्षे तिने तो पाळला. बाहेरच्यांसमोर जेवणे फ्रॉइड टाळू लागला. ज्या माणसाने सभ्य समाजाला लाज वाटणारे सारे काही निर्भयपणे लिहिले, त्याला चारचौघांत घास चावण्याची लाज वाटत होती. मला ताईच्या लग्नाचा मांडव आठवला.

कवळ्या बदलत गेल्या. कारण तोंडाचा आकार बदलत होता. आज बरोबर बसलेली कवळी काही महिन्यांनी चुकीची ठरे. १९२८ मध्ये तो बर्लिनला श्रोडर यांच्याकडे गेला. १९३१ मध्ये हार्वर्डचे कझंजियन व्हिएन्नाला आले. हे मूळचे आर्मेनियन. पहिल्या महायुद्धात फुटलेले जबडे दुरुस्त करून नावारूपाला आलेले. प्रत्येक वेळी थोडे दिवस आराम पडे आणि मग पुन्हा तेच. दरम्यान अस्तरावर पांढरे चट्टे उठत. कर्करोग नाही, पण होऊ शकेल असे. ते कापायचे किंवा विजेने जाळायचे. कापले की नवा व्रण, नवा व्रण म्हणजे नवे आकसणे, आणि पुन्हा कवळी बसेनाशी होणे. अशा मोठ्या-लहान शस्त्रक्रिया तीसहून अधिक झाल्या. आश्चर्य असे, की १९२३ नंतर उघड कर्करोग पुन्हा सापडला तो १९३६ मध्ये. तेरा वर्षे पिखलरने त्याला थोपवून धरले, यात त्या शल्यतज्ज्ञाची चिकाटी आहे. पण त्या तेरा वर्षांची किंमत रोज मोजावी लागली.

याच काळात त्याने काय लिहिले पाहा. १९२६ मध्ये चिंतेवरचे पुस्तक, १९२७ मध्ये धर्मावरचे. १९२९ च्या उन्हाळ्यात संस्कृती आणि माणसाचे असमाधान यांवर जे पुस्तक लिहिले, त्यात एक विलक्षण कल्पना आहे. यंत्रे आणि साधने लावून माणूस जणू कृत्रिम अवयवांचा देव बनला आहे. ते सारे चढवले की तो भव्य दिसतो, पण ते अवयव त्याच्या अंगात रुजलेले नाहीत आणि अधूनमधून त्याला बराच त्रास देतात. हे आम्ही वर्गात आधुनिक संस्कृतीवरचे भाष्य म्हणून वाचले होते. आता ते वाचताना मला लिहिणाऱ्याच्या तोंडातली कवळी दिसते.

१९३० मध्ये फ्रँकफर्ट शहराने त्याला गटे पारितोषिक दिले. त्याचे भाषण तिथे ॲनाने वाचले. १९३१ मध्ये पंचाहत्तरावा वाढदिवस झाला तेव्हा कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट आली. १९३३ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये नाझींनी त्याची पुस्तके जाळली. १९३८ च्या मार्चमध्ये ते व्हिएन्नात आले आणि एके दिवशी गेस्टापोने ॲनाला चौकशीला नेले. ती संध्याकाळी परत आली. ४ जूनला हा ब्याऐंशी वर्षांचा माणूस व्हिएन्ना सोडून निघाला आणि पॅरिसमार्गे लंडनला पोचला. चार बहिणी मागे राहिल्या. त्यांना पुढे छळछावण्यांत मारण्यात आले, पण ते कळायला तो राहिला नाही.

लंडनमध्ये सप्टेंबरात पुन्हा गाल चिरावा लागला. पिखलर त्यासाठी व्हिएन्नाहून विमानाने आला. त्यानंतर जखम धडपणे भरलीच नाही. किरणांनी आणि शस्त्रांनी दुबळे झालेले हाड मरू लागले होते. वर्षअखेरीस मृत हाडाचा एक तुकडा सुटून निघाला. त्याच डिसेंबरच्या ७ तारखेला बीबीसीने त्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला. फ्रॉइडचा आवाज म्हणून जगापाशी आहे तो एवढाच. सरांनी तो आम्हाला ऐकवला. थोडी मिनिटेच. शब्द अडखळत, ओढून काढल्यासारखे येतात. माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली, की म्हाताऱ्याचे इंग्रजी कच्चे दिसते. मी ऐकत होते ती कवळी आणि तिच्याशी झगडणारी जीभ. तसा आवाज आमच्या घरात रोज असतो.

१९३९ च्या फेब्रुवारीत शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग दिसला. किरण आणि रेडियम सुरू झाले. वेदनेवर तो जवळजवळ शेवटपर्यंत ॲस्पिरिनखेरीज काही घेत नसे. धुंदीत पडून राहण्यापेक्षा दुखत असताना विचार करता आलेला त्याला बरा वाटे. ऑगस्टपर्यंत गाल सडून त्याला भोक पडले. वासाने माश्या येत, म्हणून खाटेवर मच्छरदाणी लावली. त्याचा लाडका चाउ जातीचा कुत्रा जवळ येईना, खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसे.

शेवटी वाचलेले पुस्तक बाल्झाकची एक कादंबरी होती, १८३१ सालची. तिच्यात एका तरुणाला कातड्याचा जादूचा तुकडा मिळतो. इच्छा धरावी, ती पुरी व्हावी. पण प्रत्येक इच्छेसरशी कातडे आकसते आणि त्याबरोबर आयुष्यही. पुस्तक मिटून फ्रॉइडने आपले डॉक्टर मॅक्स शूर यांना सांगितले, की आपल्याला अगदी योग्य पुस्तक मिळाले. सोळा वर्षे स्वतःच्या तोंडात आकसणारे कातडे सांभाळलेल्या माणसाला ते कुणी समजावून द्यायला नको होते.

या शूर यांच्याशी त्याचा १९२९ पासूनचा एक करार होता. आपल्यापासून काही लपवायचे नाही आणि वेळ आली की उगाच यातना भोगू द्यायच्या नाहीत. २१ सप्टेंबरला त्याने त्या शब्दाची आठवण दिली आणि ॲनाशी बोलायला सांगितले. शूर यांनी मॉर्फिन दिले. २३ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे तीन वाजता फ्रॉइड गेला. लंडनला गोल्डर्स ग्रीन येथे दहन झाले.

आता थोडे आजचे. फ्रॉइडच्या काळापासून ही विद्या खूप पुढे आली. नानांना केली तशी, छातीचा स्नायू आणि कातडे फिरवून तोंड बुजवण्याची पद्धत अमेरिकेतील शल्यतज्ज्ञ एरियन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून त्याचा जबडा करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. असे हाड पुष्कळ वर्षे चांगले टिकते. पण उसन्या मांसाचा स्वभाव मात्र तसाच आहे. मज्जातंतू तुटलेला स्नायू काही महिन्यांत वाळतो; नानांच्या गळ्यावरचा फुगवटा ओसरला तो यामुळे. छातीचे कातडे गालात गेले म्हणून गालाच्या अस्तरासारखे ओले होत नाही. ते बहुधा कातडेच राहते. नानांच्या गालात आधी केससुद्धा उगवत. किरणोपचारांनंतर ते गेले. आणि किरणांनी ताठ झालेले मांस वर्षांमागून वर्षे थोडे थोडे आवळत राहते. जबडा रोज ताणत राहिले तर हे आवळणे मंदावते. पण ते प्रत्येक वेळी पुरते थांबेलच असे नाही. या शेवटच्या वाक्यापाशी डॉक्टर थांबले आणि मला एकदम लाज वाटली.

दिवाळीच्या सुटीत मी नानांकडे गेले. फ्रॉइडची गोष्ट सांगितली. कपड्यांच्या चिमट्याशी आले तेव्हा नाना डोळ्यांनी हसले. त्यांना तोंडाने हसता येत नाही. मग उठून त्यांनी कपाटातून एक पुडके आणले. दोऱ्याने बांधलेल्या आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणि एक शंभर पानी वही. डॉक्टरांनी सांगितले होते, की वरच्या-खालच्या दातांमध्ये काड्यांचा गठ्ठा धरायचा आणि एकेक काडी मधे सरकवत जबडा ताणायचा. वहीत शिक्षकी, रेखीव अक्षरात रोजची तारीख आणि पुढे काड्यांचा आकडा. पहिल्या पानावर अठरा. वर्षभराने सोळा. मग चौदा, पुष्कळ दिवस चौदा. गेल्या महिन्यात अकरा. आठ वर्षांत कोरे गेलेले दिवस मी मोजू लागले तेव्हा एका हाताची बोटे पुरली. त्यातला एक ताईच्या लग्नाचा होता.

आम्ही घरच्यांनी जो निवाडा दिला होता, तो त्या वहीसमोर उभाही राहू शकला नाही. नाना काही करत नाहीत असे आम्ही म्हणत होतो, तेव्हा ते रोज पहाटे, आम्ही उठायच्या आत, स्वतःच्या मांसाशी एकेका काडीसाठी झगडत होते. आणि आकडा उतरला तो त्यांच्या आळसाने नव्हे. मी क्षमा मागितली. नानांनी हात हलवून विषय बाजूला सारला आणि विचारले, तुझ्या त्या फ्रॉइडच्या किती काड्या जात? मला उत्तर देता आले नाही.

सेमिनारमध्ये मी हे सारे सांगितले नाही. वेळ वीस मिनिटांचा होता. म्हणून इथे लिहिले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, वाड्यात, गावात तंबाखूपायी जबडा गमावलेले कुणीतरी असेल. त्यांचे ऑपरेशन होऊन गेले असे आपण म्हणतो. त्यांना एकदा विचारून पाहावे, की आज घास कसा गेला. आणि उत्तर समजायला वेळ लागला तर थांबावे, कारण त्यांनाही ते बोलायला वेळ लागतो.

त्या रात्री मामींनी नानांचे ताट नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत ठेवले. मऊ भात, वरण, कुसकरलेली भाजी. मी माझे ताट उचलले आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. नाना जरा चपापले, मग त्यांनी चमचा उचलला. आम्हाला जेवायला पाऊण तास लागला.